मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा मेनिंजायटिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूची गाठ, रक्तस्राव, अपघात, शंट (मेंदूतलं जादा पाणी पोटात नेणारी, आत बसवलेली नळी) किंवा नाकातून केलेली पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. औषधांचे डोस दिलेत ते फाइल आणि रिपोर्ट समजावेत म्हणून, घरी औषध ठरवण्यासाठी नव्हे. रुग्ण घरी असेल आणि आत्ता ताप असेल, तर आधी प्रश्न ५ वाचा, बाकीचं नंतर.

१. ऑपरेशननंतरचा मेनिंजायटिस म्हणजे नेमकं काय? साथीत येतो तो मेंदूज्वर हाच का?

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड ड्युरा, मधलं कोळिष्टकासारखं अरॅक्नॉइड आणि मेंदूला चिकटलेलं पातळ 'पाया मेटर'. आतल्या दोन आवरणांमधून सीएसएफ खेळतं, ज्याला आपण बोलताना मेंदूतलं पाणी म्हणतो. मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं आणि रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. या आवरणांचा दाह म्हणजे मेनिंजायटिस. दाह मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांपर्यंत गेला की त्याला व्हेंट्रिक्युलायटिस म्हणतात.

साथीतल्या आजारात जंतू सहसा नाका-घशातून रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत पोचतात. शस्त्रक्रियेनंतरच्या आजारात ते जखमेतून, गळणाऱ्या पाण्याच्या वाटेने किंवा बसवलेल्या नळीवरून आत जातात. जंतू वेगळे, म्हणून औषधंही वेगळी. शिवाय शस्त्रक्रियेनंतर एकही जंतू नसताना दाह होऊ शकतो, त्यासाठी प्रश्न १० पाहा.

२. ऑपरेशन थिएटर तर निर्जंतुक असतं. मग जंतू आत गेले कसे?

हत्यारं निर्जंतुक करता येतात, माणसाची कातडी पूर्णपणे करता येत नाही. केसांच्या मुळाशी आणि तैलग्रंथींत राहणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जंतू औषधी द्रावणाने पुसल्यावरही थोडे उरतातच. स्टॅफिलोकोकस ऑरियस नाकात आणि कातडीवर असतो. आयसीयूमध्ये जास्त दिवस राहावं लागलं तर क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास हे जंतू गाठतात. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत याच गटाची जास्त धास्ती असते, कारण त्यांतले बरेच नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

इतरत्र थोडे जंतू शिरले तर रक्तातल्या पेशी आणि प्रतिपिंडं त्यांचा फडशा पाडतात. सीएसएफमध्ये हे संरक्षण फार तोकडं असतं, त्यामुळे मोजके जंतूही तिथे झपाट्याने वाढतात. धोका वाढवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: जखमेतून किंवा नाका-कानातून पाणी गळणं, बाहेर काढलेली नळी, लांबलेली शस्त्रक्रिया, त्याच जागी पुन्हा केलेली शस्त्रक्रिया, जखमेवरचा पू. यांत पाणी गळणं सगळ्यात वाईट.

३. किती जणांना होतो? आणि कधीपर्यंत भीती असते?

कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर जंतूंमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसचं प्रमाण साधारण ०.८ ते १.५ टक्के धरतात. बाहेर काढलेल्या ड्रेनमध्ये (मेंदूतलं पाणी बाहेरच्या पिशवीत नेणाऱ्या नळीत) ते ८ टक्क्यांच्या आसपास, कमरेतल्या ड्रेनमध्ये ५ टक्क्यांपर्यंत आणि आत बसवलेल्या शंटमध्ये ४ ते १७ टक्के असं नोंदलं गेलं आहे. रुग्णालयागणिक हे आकडे बदलतात.

तारखा जास्त महत्त्वाच्या आहेत. कवटीच्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या संसर्गांपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या आठवड्यात, एक तृतीयांश दुसऱ्या आठवड्यात आणि उरलेले त्यानंतर दिसतात. म्हणजे बऱ्याच जणांना हा आजार डिस्चार्ज झाल्यावर, घरी होतो. टाके काढले म्हणजे धोका टळला, असं नाही.

४. घरी कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवायचं?

ताप, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं आणि मान पुढे वाकवताना होणारा त्रास ही ओळखीची लक्षणं. पण शस्त्रक्रियेनंतर ती क्वचितच एकत्र येतात. घरच्यांच्या लक्षात आधी येतो तो वागण्यातला बदल. काल स्वतःहून चहा मागणारा माणूस आज हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा झोपतो, वार चुकीचा सांगतो, ताटातलं जेवण तसंच राहतं. ताप ९९–१०० असला तरी असा बदल गंभीर समजा.

डोकेदुखीची दिशा पाहा. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. उतरलेलं दुखणं पुन्हा चढायला लागलं तर कारण शोधावंच लागतं. जखम रोज उजेडात बघा: लाली, फुगवटा, टाक्यांतून ओल, उशीच्या अभ्र्यावर पाण्याचा किंवा पिवळसर डाग. फिट आली, शुद्ध हरपत गेली किंवा हाता-पायात नवी कमजोरी आली तर १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशा रुग्णालयात न्या.

५. घरी आल्यावर ताप आलाय. ऑपरेशन मुंबईला झालं, आम्ही गावी आहोत. इथल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू करून दोन दिवस वाट पाहू का?

नको. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

गोळीतलं किंवा साध्या इंजेक्शनातलं अँटिबायोटिक मेंदूच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही, त्यामुळे आजार बरा होत नाही. पण तेवढ्या औषधानेही जंतू कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायच्या तपासणीत) उगवायचे थांबू शकतात. मग मोठ्या रुग्णालयात पाठीतलं पाणी काढलं तर रिपोर्ट 'जंतू वाढले नाहीत' असा येतो. तो खरंच जंतू नसल्यामुळे आला की आधीच्या गोळ्यांमुळे, हे सांगता येत नाही. नेमकं औषध निवडायची संधी जाते आणि रुग्णाला दोन आठवडे दोन-तीन जबर औषधं अंदाजाने द्यावी लागतात.

म्हणून क्रम असा ठेवा. ताप थर्मामीटरने मोजून वेळेसह लिहा. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे फोन करून 'ऑपरेशनला इतके दिवस झाले, ताप इतका, शुद्ध अशी, जखम अशी' एवढं सांगा. तापासाठी पॅरासिटामॉल दिलं तर चालतं, पण किती वाजता दिलं तेही लिहून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, शेवटचा सीटी किंवा एमआरआय आणि चालू गोळ्या बरोबर घेऊन त्याच दिवशी निघा.

याला एक अपवाद आहे. रुग्ण गुंगीत असेल, रक्तदाब घसरला असेल आणि मोठं रुग्णालय काही तासांवर असेल, तर जवळच्या रुग्णालयात रक्ताचं कल्चर घेऊन शिरेतून पहिला डोस लगेच द्यावा. तिथे नमुन्यासाठी औषध रोखायचं नाही. कोणतं औषध, किती, किती वाजता, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या.

६. ऑपरेशननंतर ताप आला म्हणजे हेच का? आणि मान आखडली तर?

पहिल्या दोन दिवसांतला हलका ताप बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या आघाताचा असतो. त्यानंतर छाती, लघवीची नळी, सलाइनची जागा, पायातल्या शिरेत गोठलेलं रक्त, औषधाची प्रतिक्रिया अशी बरीच कारणं असतात आणि डॉक्टर ती सगळी तपासतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर नव्याने चढलेला ताप, सोबत डोकेदुखी किंवा गुंगी, असं असेल तर सीएसएफ तपासणीचा विचार पुढे येतो.

मानेवर मात्र एकट्या भिस्त ठेवू नका. डोक्याच्या मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर मानेचे स्नायू कापून बाजूला केलेले असतात, मान तशीही आखडते. उलट ड्रेन असलेल्या रुग्णात संसर्ग असूनही मान मऊ राहू शकते.

७. नाकातून पाणी येतंय. सर्दी आहे की मेंदूतलं पाणी?

सर्दीचं पाणी चिकट असतं आणि दोन्ही नाकपुड्यांतून येतं. सीएसएफ पाण्यासारखं पातळ असतं, बहुधा एकाच बाजूने येतं, खाली वाकल्यावर किंवा उठून बसल्यावर टपटप गळतं आणि घशात उतरलं तर खारट लागतं. रुमालावर वाळल्यावर कडक होत नाही. साखरेच्या पट्टीने तपासायचा सल्ला अजूनही दिला जातो, पण तो भरवशाचा नाही, कारण नाकाच्या स्रावातही साखर सापडते. खात्रीची तपासणी म्हणजे बीटा-२ ट्रान्सफेरिन, सीएसएफमध्ये असणारं एक प्रथिन. स्वच्छ बाटलीत थोडं पाणी गोळा करून ते दाखवायला न्या.

तोपर्यंत डोक्याची बाजू साधारण ३० अंश उंच ठेवा. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. शौचाला जोर लावायला लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून रेचक द्या. नाकात किंवा कानात कापूस कोंबू नका, आतल्या बाजूला साचलेलं पाणी जंतूंना आयतं मिळतं. नाकातून शस्त्रक्रिया झालेल्यांनी जलनेती, नाकात तूप किंवा तेलाचे थेंब, तपकीर, कपालभाती आणि भस्त्रिका सर्जन परवानगी देईपर्यंत बंदच ठेवायची. 'हलकासा प्राणायाम चालेल ना' असं बरेच जण विचारतात. संथ श्वास चालतो. झटक्याने नाकातून हवा फेकणं चालत नाही, त्याने हवा आणि जंतू बसवलेल्या ठिगळापलीकडे ढकलले जातात. घोरण्यासाठी सीपॅप मशीन वापरत असाल तर तेही आधी सांगा.

८. पाठीतून पाणी काढल्याने लकवा होतो म्हणतात. आणि त्याआधी सीटी कशाला?

सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात, त्यामुळे सुईने मज्जारज्जूला इजा होऊन लकवा होण्याची भीती नाही. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर उतरतं.

खरा धोका निराळा. कवटीत सूज, रक्ताची गुठळी किंवा गळू असेल आणि खालून पाणी काढलं, तर दाबातल्या फरकामुळे मेंदूचा भाग खाली सरकू शकतो. शस्त्रक्रिया झालेल्या मेंदूत ही शक्यता असतेच, म्हणून आधी सीटी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती न विसरता सांगा.

ड्रेन किंवा शंट असलेल्यांचा नमुना त्या नळीतूनच, निर्जंतुक पद्धतीने, प्रशिक्षित हातांनीच घेतात.

९. सीएसएफचा रिपोर्ट हातात आहे. तो कसा वाचायचा?

नेहमीच्या सीएसएफमध्ये पांढऱ्या पेशी ५ पर्यंत, प्रथिनं १५ ते ४५ मिलिग्रॅम आणि साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण ६० टक्के असते. रिपोर्टवर हीच चौकट छापलेली असते आणि आपला आकडा तिच्याबाहेर दिसला की घरात घबराट होते. मात्र ही चौकट शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाची आहे. शस्त्रक्रियेनंतर पाण्यात रक्त मिसळलेलं असतं, त्यामुळे पेशी आणि प्रथिनं वाढलेली दिसणारच.

त्यामुळे लाल पेशींचा हिशोब मांडतात. दर ५०० ते १००० लाल पेशींमागे एक पांढरी पेशी निव्वळ रक्तामुळे आलेली धरायची. समजा लाल पेशी ४२,००० आहेत. ७०० ने भागलं तर ६० पांढऱ्या पेशी रक्ताच्या खात्यावर जातात. रिपोर्टमध्ये ९०० असतील तर उरलेल्या ८४० दाहाच्या. ७० असतील तर चिंता बरीच कमी.

साखरेचा आकडा एकटा निरुपयोगी आहे. सीएसएफची साखर ३८ आणि त्याच वेळी रक्तातली १४० असेल तर प्रमाण ०.२७ होतं, ०.४ च्या खाली गेलं की संशय वाढतो. मधुमेह असलेल्या किंवा डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) चालू असलेल्या रुग्णात सीएसएफची साखर ६० असूनही प्रमाण घसरलेलं असू शकतं. म्हणून पाणी काढताना बोटातली किंवा शिरेतली साखर तपासून लिहायला सांगा, ही गोष्ट अनेकदा राहून जाते. सीएसएफ लॅक्टेट ४ मिलीमोल किंवा जास्त, म्हणजे मिलिग्रॅममध्ये सुमारे ३६, असेल तर जंतूंच्या बाजूने झुकतं माप पडतं, पण पाण्यात रक्त जास्त असेल तर लॅक्टेटही वाढतं. अंतिम निवाडा ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि कल्चरचा.

नमुना बाहेरच्या लॅबला नातेवाईकांनीच न्यायचा असेल तर तो लगेच न्या. कल्चरची बाटली फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका, थंडीने काही जंतू मरतात. नळी, शंट किंवा प्लेट बसवलेली असेल तर 'कल्चर किमान १० दिवस ठेवा' असं फॉर्मवर लिहिलंय का बघा. क्युटिबॅक्टेरियम फार सावकाश वाढतो आणि नेहमीच्या मुदतीत दिसत नाही.

१०. 'जंतू नाहीत, तरी मेनिंजायटिस आहे' असं डॉक्टर म्हणाले. हे कसं शक्य आहे?

याला ॲसेप्टिक किंवा रासायनिक मेनिंजायटिस म्हणतात. फिनलेसन आणि पेनफिल्ड यांनी १९४१ मध्येच त्याचं तपशीलवार वर्णन केलं होतं. शस्त्रक्रियेत सांडलेलं रक्त विघटित होतं आणि त्यातले घटक आवरणांना झोंबतात. डोक्याच्या मागच्या भागातल्या शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः लहान मुलांत, हे जास्त दिसतं. एपिडर्मॉइड, डर्मॉइड किंवा क्रेनिओफॅरिंजिओमा या गाठींतला द्रव पाण्यात मिसळला तरी असाच दाह होतो.

ताप, डोकेदुखी, मान, पेशी, सगळं जंतूंच्या आजारासारखंच दिसतं. खाटेजवळ उभं राहून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. जखमेतला पू, पाणी गळणं, नव्याने आलेली कमजोरी, खोल गुंगी यांपैकी काही असेल तर पारडं जंतूंकडे झुकतं. म्हणून नमुना घेऊन अँटिबायोटिक सुरू करतात आणि साधारण ७२ तासांत कल्चर निगेटिव्ह राहिलं, रुग्ण स्थिर असला आणि नमुन्याआधी अँटिबायोटिक मिळालेलं नसलं, तर बंद करतात. 'सुरू केलं ते अर्धवट का सोडलं?' असं विचारून डॉक्टरांवर कोर्स पूर्ण करायचा दबाव आणू नका. इथे थांबवणं हाच योग्य उपचार आहे.

उपचार म्हणजे डेक्सामेथासोन, वेदनाशामक आणि काही वेळा पुन्हा पाठीतून पाणी काढणं. स्टिरॉइडचा डोस उतरवताना डोकेदुखी आणि ताप परत डोकं वर काढू शकतात, विशेषतः एपिडर्मॉइडनंतर. मग डोस आणखी सावकाश उतरवतात.

११. कोणती औषधं देतात, किती दिवस?

जंतू कळेपर्यंत दोन औषधं एकदम देतात. कातडीवरच्या जंतूंसाठी व्हॅन्कोमायसिन आणि रुग्णालयातल्या जंतूंसाठी मेरोपेनेम, सेफेपाइम किंवा सेफ्टाझिडिम. मेरोपेनेमचा प्रौढांतला डोस इथे २ ग्रॅम दर ८ तासांनी असतो, न्यूमोनियाच्या नेहमीच्या डोसाच्या दुप्पट, कारण औषधाचा थोडाच भाग मेंदूच्या पाण्यात पोचतो. मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस कमी करतात.

व्हॅन्कोमायसिन सावकाश द्यावं लागतं, १ ग्रॅमला किमान एक तास. भरभर सोडलं तर चेहरा आणि छाती लाल होते, खाज सुटते, रक्तदाब उतरतो. ती बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, वेगाचा परिणाम असतो. औषधाची रक्तातली पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) अधूनमधून तपासतात.

मुदत जंतूवर ठरते, बहुधा १० ते १४ दिवस, ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठी (क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास यांचा गट) काही ठिकाणी २१. कल्चर पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येत असेल तर शेवटच्या पॉझिटिव्ह कल्चरपासून १० ते १४ दिवस मोजतात. ताप गेला म्हणून मधेच घरी नेऊ नका. हा कोर्स गोळ्यांवर पुरा करता येत नाही.

१२. फिटची गोळी व्हॅल्प्रोएट चालू होती. मेरोपेनेम सुरू झालं आणि पुन्हा फिट आली. का?

मेरोपेनेम आणि त्याच गटातल्या औषधांमुळे व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. गोळीचा डोस वाढवूनही ती सावरत नाही. अशा वेळी बहुधा लेव्हेटिरासेटाम हे फिटचं दुसरं औषध सुरू करतात, किंवा संसर्गासाठी दुसऱ्या गटाचं औषध निवडतात. मेरोपेनेम बंद केल्यावरही पातळी वर यायला एक-दोन आठवडे लागतात, तोपर्यंत पर्यायी गोळी सोडायची नाही. दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाला असाल तर व्हॅल्प्रोएटचं नाव पहिल्याच दिवशी सांगा.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांत सेफेपाइम साचून गोंधळ, अंगाचे झटके आणि फिट येऊ शकतात. तेव्हा गुंगी आजाराची की औषधाची, हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

१३. औषध थेट मेंदूत देणार म्हणतात. इतकी वेळ आली का?

जंतू फक्त कोलिस्टिन किंवा पॉलिमिक्सिन बी यांनाच दाद देत असेल, तर ही औषधं शिरेतून देऊन सीएसएफमध्ये पुरेशी पोचत नाहीत. म्हणून ती ड्रेनमधून थेट पोकळीत देतात. शिरेतल्या उपचाराने सुधारणा होत नसेल तेव्हाही हाच मार्ग. डोस अगदी छोटे असतात: पॉलिमिक्सिन बी प्रौढांत दिवसाला ५ मिलिग्रॅम, कोलिस्टिन १० मिलिग्रॅम, व्हॅन्कोमायसिन ५ ते २० मिलिग्रॅम. औषध सोडल्यावर ड्रेन १५ ते ६० मिनिटं बंद ठेवतात, नाहीतर ते तसंच पिशवीत वाहून जाईल. त्या वेळात डोकं दुखलं, उलटी झाली, रुग्ण सुस्त झाला तर सिस्टरना ताबडतोब सांगा, ड्रेन लगेच उघडावा लागू शकतो.

१४. ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढणारा ड्रेन) लावलेला असताना नातेवाईकांनी काय सांभाळायचं?

ड्रेनच्या पट्टीवरचं शून्य कानाच्या भोकासमोर, एका पातळीत लावलेलं असतं आणि पाणी किती उंचीवरून सांडेल हे त्यावरून ठरतं. पलंग वर-खाली केला, रुग्णाला बसवलं किंवा उशी वाढवली की हे गणित बिघडतं. डोकं उंच आणि भांडं खाली राहिलं तर पाणी भराभर वाहून मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. भांडं जास्त वर गेलं तर पाणी तुंबतं. म्हणून रुग्णाला हलवण्याआधी सिस्टरना बोलवा. त्या नळी बंद करतील, स्थिती बदलतील, शून्य पुन्हा जुळवतील आणि मग नळी उघडतील. तीन नातेवाईकांनी मिळून रुग्णाला वर सरकवलं आणि नळी ओढली गेली, असं वॉर्डात वरचेवर घडतं.

ड्रेन जितक्या वेळा उघडला जाईल तितकी जंतूंना वाट मिळते. 'रोज नमुना का पाठवत नाही?' असा आग्रह धरू नका. ठरावीक दिवसांनी नळी बदलून फायदा होत नाही, त्यामुळे कारण नसताना ती बदलत नाहीत. ड्रेसिंग ओलं दिसलं तर मात्र लगेच दाखवा.

१५. शंटला संसर्ग झालाय. नुसत्या औषधाने भागणार नाही का?

क्वचितच. नळीवर जंतू चिकट थर तयार करतात आणि त्याखाली औषध पोचत नाही. शंट पूर्ण काढून, तात्पुरता ईव्हीडी ठेवून, औषधं देऊन मग नवा शंट बसवणं हाच खात्रीचा मार्ग. स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा ग्रॅम-निगेटिव्ह जंतू असतील तर कल्चर निगेटिव्ह झाल्यावर साधारण १० दिवस थांबतात, एपिडर्मिडिससारख्या सौम्य जंतूंत त्याहून लवकर बसवता येतो.

शंटचा संसर्ग कधी कधी पोटदुखीने सुरू होतो, कारण नळीचं दुसरं टोक पोटात असतं. शंट असलेल्या मुलाला ताप आणि पोटदुखी असेल तर शंटचा उल्लेख केल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नका.

१६. डेक्सामेथासोन चालू आहे, ताप अजिबात नाही. तरी आजार असू शकतो का?

हो. स्टिरॉइड ताप, डोकेदुखी आणि मानेचा ताठरपणा तिन्ही झाकतं. अशा रुग्णात गुंगी आणि जखमेची स्थिती यांवर जास्त भर द्या. आणि धास्तावून स्टिरॉइड अचानक बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं असेल किंवा पिट्युटरीची शस्त्रक्रिया झाली असेल तर शरीरातलं कॉर्टिसॉल कमी पडून जिवावर बेतू शकतं.

पिट्युटरीनंतरचा आणखी एक चकवा: पहिल्या दहा-बारा दिवसांत रक्तातलं सोडियम घसरून डोकेदुखी, उलट्या, सुस्ती येते, ताप नसतो. साध्या रक्ततपासणीत ते दिसतं.

१७. हा आजार घरच्यांना लागतो का? लस घेतली तर टळेल?

लागत नाही. घरच्यांनी प्रतिबंधक गोळ्या घ्यायची गरज नाही, भांडी-कपडे वेगळे करायची नाही. आयसीयूमध्ये जाता-येता हात स्वच्छ करायचे ते एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून.

मेनिंगोकोकसची लस या आजारापासून वाचवत नाही. पण नाका-कानातून पाणी गळणं चालू राहिलं असेल तर न्यूमोकोकसचा धोका असतो, त्यासाठी न्यूमोकोकल लस घ्यावी. गळती शस्त्रक्रियेने बंद करणं त्याहून महत्त्वाचं. ही गळती काही महिन्यांनी, वर्षांनीही मेनिंजायटिस घडवू शकते.

१८. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. आमच्या हातात काय आहे?

डोक्यावर फोड, खरूज, सुजलेला दात, लघवीचा संसर्ग असेल तर आधी सांगा. साखर आटोक्यात आणा. घरी वस्तऱ्याने टक्कल करून जाऊ नका, वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरने काढतात. चीर देण्याआधीच्या एका तासात अँटिबायोटिकचा डोस दिला जातो, बहुधा सेफॅझोलिन २ ग्रॅम, आणि शस्त्रक्रिया लांबली तर ४ तासांनी पुन्हा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती तेव्हा नेमकं काय झालं होतं यासह सांगा. नंतर आठवडाभर 'सुरक्षेसाठी' अँटिबायोटिक देत राहिल्याने संसर्ग टळत नाहीत, फक्त जंतू निगरगट्ट होतात. नंतर जखमेवर हळद, तेल, राख काही लावायचं नाही.

१९. दहा दिवस औषध चालू आहे, ताप जात नाही. आता काय?

शक्यता एकेक करून तपासाव्या लागतात. नळी, प्लेट किंवा परत बसवलेला कवटीचा तुकडा आतच असेल आणि त्यावर जंतू असतील, तर तो काढल्याशिवाय ताप हटत नाही. गळू झालंय का हे कॉन्ट्रास्टच्या एमआरआयमध्ये दिसतं. पाणी तुंबून हायड्रोसेफॅलस झाला तर रुग्ण पुन्हा सुस्तावतो, त्यासाठी सीटी. बुरशीचा संसर्ग, बहुधा कँडिडा, जास्त दिवस अँटिबायोटिक आणि ड्रेन असलेल्यांत होतो आणि त्याला अँफोटेरिसिन बी लागतं. आपल्याकडे क्षयाचा विचार करावाच लागतो, विशेषतः स्टिरॉइड चालू असेल तर. सीएसएफ सीबीनॅट या क्षयाच्या जंतूंच्या तपासणीला पाठवतात, मात्र तो निगेटिव्ह आला तरी क्षय नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शेवटी, ताप खुद्द अँटिबायोटिकचा असू शकतो. रुग्ण एरवी बरा दिसतो, कल्चर स्वच्छ असतात, कधी अंगावर पुरळ असतं, आणि संशयित औषध थांबवल्यावर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो.

२०. बरं झाल्यावर काही मागे राहतं का?

रासायनिक प्रकारात बहुधा काही नाही. जंतूंच्या आजारानंतर ऐकू कमी येणं, विसरभोळेपणा, फिट आणि हायड्रोसेफॅलस राहू शकतात. डिस्चार्जनंतर काही आठवड्यांत श्रवणतपासणी करून घ्या. अमिकासिन किंवा जेंटामायसिन दिलं असेल तर नक्कीच, कारण त्यांचाही कानावर परिणाम होतो. पुढच्या काही महिन्यांत चाल अडखळायला लागली, लघवीवरचा ताबा सुटला आणि विसर वाढला, तर ते अशक्तपणावर ढकलू नका. पाणी तुंबल्याची ती खूण असते आणि शंट बसवला तर त्यात सुधारणा होऊ शकते.